गाव रिकामं, दिवस बारा

मुलांनो, घटकाभर डोळे मिटा आणि असं समजा, की तुमच्या दोन्ही हातांत एका निळसर, गुळगुळीत कापडाची टोकं आहेत. कापड टेबलावर ताणून धरायचं आहे. हात हलला तर रेघ हलेल, आणि रेघ हलली तर अब्बांचं तीन दिवसांचं काम वाया जाईल. अशा वेळी नेमकी नाकावर माशी येऊन बसली आहे. काय कराल?

झुबेदानं श्वास रोखून धरला. माशी नाकावरून गालावर गेली, गालावरून उडाली. अब्बांनी तांबड्या शाईची रेघ शेवटच्या वर्तुळापर्यंत नेली, टोकाला बाण काढला आणि पेन उचललं. तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला.

"झालं, अब्बा?"

"झालं. आता हात सोड, हळूच."

बशीर शिकलगार धरणाच्या कचेरीत ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेले नकाशे कापडावर शाईनं उतरवायचे, हे त्यांचं काम. नोकरी कायम झालेली नव्हती; दर तीन महिन्यांनी साहेबांची सही झाली की पुढचे तीन महिने. म्हणून ते सगळ्यांशी खालच्या आवाजात बोलत आणि कुणी मोठ्यानं हाक मारली की दचकत. झुबेदा त्यांची एकुलती एक मुलगी, इयत्ता पाचवी. सकाळची शाळा सुटली की ती कचेरीत येई, आणि साहेब नसले तर कापड धरायला मिळे.

आजचं चित्र मात्र नकाशा नव्हतं. त्यात बांध नव्हता, नदी नव्हती. नुसती वर्तुळं आणि एका वर्तुळातून दुसऱ्यात जाणारे बाण. एकूण एकशे चार बाण. प्रत्येक बाण म्हणजे एक काम, आणि त्याच्याखाली त्या कामाला लागणारे दिवस.

"समजलं का तुला?" अब्बांनी विचारलं. शिकवताना त्यांचा आवाज जरा मोकळा होई. "अम्मी जेवण करते ते बघ. पीठ दळून आल्याशिवाय भाकरी थापता येत नाही. थापल्याशिवाय भाजता येत नाही. ही एकामागून एक कामं. पण भाकरी तव्यावर असताना ठेचा कुटता येतो. ठेचा जरा उशिरा कुटला तरी जेवण अडत नाही. भाकरीला उशीर झाला तर?"

"तर सगळेच उपाशी."

"शाबास. ठेच्याला सवड आहे, भाकरीला नाही. ज्या कामांना सवड नाही, ती या तांबड्या रेघेवर."

ही पद्धत माने साहेब मुंबईहून शिकून आले होते. प्रत्येक काम कुठल्या कामानंतर येतं आणि त्याला किती दिवस लागतात, एवढं कागदावर लिहायचं आणि मुंबईला धाडायचं. तिथं एका मोठ्या कंपनीत खोलीभर पसरलेलं एक यंत्र होतं. कागदावरचे आकडे भोकं पाडलेल्या कार्डांवर चढवत, कार्डं यंत्राला खाऊ घालत, आणि यंत्र घडी घडीचा लांबलचक कागद बाहेर टाकी. कुठलं काम कुठल्या तारखेला सुरू झालं पाहिजे, कुणाला किती सवड, सगळं त्यात छापलेलं. दहा दिवसांपूर्वी तो कागद आला, तेव्हा कचेरीतल्या शिपायानं त्याला हात लावण्याआधी हात धुतले होते.

तांबड्या रेघेवर एकेचाळिसावा बाण होता: कुसाळे गाव रिकामं, दिवस बारा. वीस मार्च ते एकतीस मार्च. त्याच्या टोकाला बेचाळिसावा: घळभरणी, एक एप्रिल.

घळ म्हणजे बांधात ठेवलेलं खिंडार. दोन्ही बाजूंनी मातीचा बांध उभा राहिला होता आणि नदी अजून त्या खिंडारातून वाहत होती. ते भरलं की पाणी अडणार.

माने साहेब टोपी टेबलावर टाकून आत आले. झुबेदा भिंतीला चिकटून उभी राहिली. साहेबांनी चित्र बघितलं. एकेचाळिसाव्या बाणावर त्यांचं बोट थांबलं.

"बशीर, हे बारा दिवस तू गावात जाऊन विचारलेस ना?"

"व्हय साहेब. म्हणजे, होय. पाटलांना विचारलं. त्रेपन्न घरं आहेत. दिवसाला पाच घरांच्या गाड्या धरल्या, वर एक दिवस राखीव ठेवला. पाटील म्हणाले, जाणार."

"बरं. कारण गाव उठल्याशिवाय घळ भरायला घेता येत नाही, तसा हुकूमच आहे. आणि एक तारखेला घेतली नाही, तर पावसाच्या आत बांध उंचीला जात नाही." साहेबांनी खिडकीतून खाली बघितलं. खाली धरणावरच्या माणसांच्या वसाहतीचे पत्रे चमकत होते. "अर्ध्या बांधावरून पूर गेला, तर आधी आपली वसाहत. मग खालची सहा गावं."

पुण्यातल्या पुराला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. साहेबांची बहीण तिथं राहायची. ती वाचली, पण त्यानंतर साहेब नदीच्या आवाजाकडे कान देऊन बोलत, असं अम्मी म्हणायची.

झुबेदाला आपल्या खोलीचा पत्रा ओळखू आला. दोरीवर तिचाच फ्रॉक वाळत होता.

*

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सतरा मार्चला, ती किटली घेऊन कुसाळ्याला दुधाला गेली. पारूबाईच्या म्हशीचं दूध वसाहतीत दहा घरी जाई. पारूबाईचं घर वरच्या आळीत, पाटलांच्या शेजारी. वाटेत चुना लावलेले तीन खुंट लागत. पाणी कुठवर चढणार ते दाखवायला ते अब्बांच्या डोळ्यांदेखत ठोकले होते. पहिला नदीच्या दरडीवर. दुसरा खालच्या आळीच्या वर. तिसरा देवळाच्या पायरीशी, अगदी पाटलांच्या दारासमोर.

तीन दिवसांनी गाड्या येणार, म्हणून झुबेदा बघत बघत चालली. कुणी छपराची कौलं उतरवली असतील, कुणी कणग्या रिकाम्या केल्या असतील. पण कणग्या भरलेल्या होत्या. कौलं जागच्या जागी होती. एका घरासमोर तर बाई नव्यानं अंगण सारवत होती.

पारूबाई चुलीपुढं बसून पुरणाचे गोळे कणकेच्या पारीत भरत होती.

"ये गं. बस. जावई यायचा हाय कराडास्नं. धोंडं कराय घेतल्यात."

"काकी, तुमी बांधाबांध न्हाई केली?"

"कशाची?"

"सामानाची. वीस तारखेला गाड्या येणार की."

पारूबाईनं हसून हातातला गोळा ताटात ठेवला. "येऊ देत की. गाड्या काय, येतील आन् जातील. परवापास्नं धोंड्याचा म्हयना लागलाय, पोरी. अधिक म्हयना. त्यात कुणी नव्या घरात पाय ठेवतंय व्हय? देव हलवत न्हाईत, चूल हलवत न्हाईत. पाडवा तेरा एप्रिलला हाय. पाडव्याला गुढी नव्या घरावर. आक्ख्या गावाचं ठरलंय."

झुबेदाच्या हातातली किटली पायावर आपटली.

"पर अब्बांनी इचारलं हुतं पाटलांना. ते म्हनले, जाणार."

"मग जाणारच हाय की! न्हाई कोन म्हनतंय? तुज्या बानं इचारलं, जाणार का? पाटील म्हनले, जाणार. कवा जाणार, त्ये कुठं इचारलं?"

"साहेबांना ठावं न्हाई, काकी."

"आगं, साहेब काय साता समुद्रापलीकडचा हाय? मान्याचा हाय. त्येच्या घरला धोंडा न्हाई व्हय? समदं ठावं असतंय त्यास्नी. ठावं असल्याबिगर एवढं मोठं धरान बांधत्यात?" पारूबाईनं तिच्या ओंजळीत गरम धोंडा ठेवला. "खा. गार हुतंय."

झुबेदानं तो खाल्ला नाही. दूध हिंदकळत होतं म्हणून ती सावकाश चालायला बघत होती, आणि पाय आपोआप पळत होते. तेरा एप्रिल. एक एप्रिल. तिनं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. तेराला निघणार, त्यात गाव उठायला बारा दिवस. म्हणजे घळ भरायला पंचवीस तारीख. तांबडी रेघ चोवीस दिवस पुढं सरकत होती, आणि जूनमधला पाऊस काही सरकणार नव्हता.

*

अब्बांनी सगळं ऐकलं. मग उठून भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी गेले. ती सांगलीच्या एका दुकानानं दिलेली होती. मार्चच्या पानावर पंधरा तारखेखाली बारीक अक्षरांत छापलं होतं: अधिक चैत्र. इतके दिवस त्याच पानावर त्यांनी दुधाचा हिशेब मांडला होता.

"मीच विचारलं होतं," ते म्हणाले. "मीच लिहिलं बारा दिवस."

"साहेबांना सांगूया ना, अब्बा."

"हळू बोल." त्यांनी दार लोटून घेतलं. बाहेर कुणीही नव्हतं. "सांगितलं तर काय होईल? कागद पुन्हा मुंबईला धाडायचा, तो यायला तीन आठवडे. तोवर थांबायचं कसं? मग साहेबांच्या हातात एकच उरतं. पोलीस."

अम्मीनं काच वर केली आणि कंदील लावला.

"आधीच्या कामावर मी बघितलंय," अब्बा म्हणाले. "एका गावाला असंच उठवलं. बायका उंबऱ्यात बसल्या होत्या. वर छपरावर माणसं चढवली आणि कौलं उतरवायला लावली. खाली बायका बसलेल्या आणि वरून ऊन पडत होतं त्यांच्यावर." त्यांनी हात एकमेकांत घट्ट धरले होते. "मी तिथं उभा होतो. वही धरून."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर वीस तारखेला कळेलच. तेव्हा साहेब विचारतील, हे कुणी लिहिलं? या महिन्याअखेरीला माझी सही आहे, झुबी. तू कुणाला बोलू नकोस. माझ्यासाठी."

तिनं मान हलवली. त्या क्षणी तिला पाटलांची आठवण झाली. त्यांनीही अशीच मान हलवली असणार.

*

दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींनी तिला दोनदा हाक मारली तरी तिला ऐकू गेलं नाही. शाळा सुटल्यावर ती कचेरीच्या पायऱ्यांवर बसली. माणसाला भीती वाटते तेव्हा, मुलांनो, हातांना काहीतरी काम द्यावं. तिच्या खिशात चिंचोके होते. दारावर गाड्यांची यादी चिकटवली होती. झुबेदानं यादी वाचत एकेक चिंचोका मांडायला सुरुवात केली.

एक: बाळासो पाटील. दोन: नानासो पाटील. तीन, चार, पाच. पहिल्या दिवसाच्या गाड्या झाल्या. मग कुलकर्ण्यांचं बंद घर, मग सुतार, मग गुरव. यादी गावातल्या मानपानाप्रमाणे लिहिलेली होती. आधी पाटील, आणि शेवटी, त्रेचाळीसपासून त्रेपन्नपर्यंत, खालची आळी. त्रेपन्नावं नाव: बनाबाई कांबळे. बनाबाईची लक्ष्मी झुबेदाच्याच वर्गात होती.

तिनं चिंचोके पायरीवरून खाली खाली मांडत नेले. वरच्या पायरीवर पाटील, अगदी खालच्या पायरीवर खालची आळी. मग सगळ्यांच्या खाली, मातीत, बोटानं नदी काढली.

आणि ती तशीच बसून राहिली.

गाड्या वरून निघत होत्या. पाणी खालून येणार होतं.

ती धावत आत गेली. अब्बा एकटेच होते. तिनं आवाज अगदी खाली ठेवला.

"अब्बा, एक तारखेला घळ भरली, तर पाणी दुसऱ्या खुंटाला कवा लागेल?"

"तुला सांगितलं ना, हा विषय—"

"नुसतं सांगा. उत्तर सांगा."

त्यांनी दाराकडं बघितलं. मग वही ओढली. उन्हाळ्यातली नदी बारीक. तिचं पाणी रोज किती, खोऱ्यात किती उंचीला किती मावतं, हे सगळं त्यांच्याकडं होतं. पेन्सिल चालायला लागली आणि त्यांनी पुन्हा दाराकडं बघितलं नाही.

"पंचवीस एप्रिल. त्याच्या आधी नाही."

"दुसऱ्या खुंटाच्या खाली किती घरं?"

"अकरा. खालची आळी."

"आणि वर बेचाळीस. दिवसाला पाच. तेरा तारखेला पाडव्याला निघाले तर?"

अब्बांनी आकडा मांडला. नऊ दिवस. एकवीस एप्रिलला वरचं शेवटचं घर. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"चार दिवसांची सवड," ते पुटपुटले. "वरच्यांना सवड आहे. सवड नाही ती फक्त खालच्या अकरा घरांना." त्यांनी एकेचाळिसाव्या बाणाकडं पाहिलं. "आपण एक काम म्हणून लिहिलं. ती दोन होती."

"यंत्राला कळलं न्हाई?"

"यंत्राला आपण एकच गाव दिलं, बेटा. त्यानं एकाचंच उत्तर दिलं."

"पर खालची आळी धोंड्यात जाईल का, अब्बा?"

"ती माणसं छप्पन साली बौद्ध झाली. ती कशाला पाळतील?" त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "पण मी त्यांना विचारलंच नव्हतं. पाटलांना विचारलं, म्हणजे गावाला विचारलं, असं धरलं."

*

साहेबांपुढं उभं राहताना अब्बांनी झुबेदाचा हात धरला होता. कुणी कुणाला धीर देत होतं ते सांगता येत नव्हतं. अब्बांनी सगळं सांगितलं, आपली चूक सगळ्यांत आधी.

माने साहेबांचा चेहरा आधी तांबडा झाला.

"चार महिने! चार महिने हे करतोय, आणि आज सांगतोस? त्या पाटलाला मी—" मग ते एकदम थांबले. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि एक पोस्टकार्ड बाहेर काढलं. उलटं सुलटं करून बघितलं. "सासऱ्यांचं. सांगलीहून. धोंड्याला या म्हणून. परवा आलं." ते खुर्चीत बसले. "वाचलं मी. वाचलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं."

त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं.

मग त्यांनी अब्बांची वही ओढून घेतली आणि आकडे दोनदा तपासले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "यादी उलटी करायची. खालून वर. खालची अकरा घरं गेली की दुसऱ्या खुंटाखाली कुणी नाही. तेवढ्यावर घळ एक तारखेला घ्यायची परवानगी मी वरून मागू शकतो. पोलीस नकोत, काही नकोत." आणि लगेच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पण नव्या गावठाणात जो आधी पोचेल त्याला विहिरीजवळच्या खोल्या. पाटलांनी यादी अशी दिली ती काय उगीच? उलटी केली, की बोंब मारतील. खालच्यांनी मागितलं म्हणतील, मी त्यांना फूस लावली म्हणतील."

"मग साहेब?"

"खालच्या आळीचं लेखी पाहिजे. आम्ही वीस तारखेला जायला राजी आहोत, असं. त्यांच्या मनानं. मी शिपाई धाडला तर तो हुकूम झाला, आणि भीतीनं दिलेल्या होकाराची किंमत आत्ताच बघितली आपण. तू जा, बशीर. आज. उद्या तार करायला हवी."

*

झुबेदाला घेऊन अब्बा ओढ्यापर्यंत आले. ओढ्याच्या पलीकडं खालची आळी. वर, देवळाच्या पारावर चारपाच माणसं बसली होती, आणि मधे पाटलांचा पांढरा पटका ओळखू येत होता. तिथून ओढा स्वच्छ दिसत होता.

अब्बांचे पाय थांबले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली, पुन्हा खिशात ठेवला.

"लक्ष्मीकडं तू अभ्यासाला जातेसच की," ते ओढ्याकडं बघत म्हणाले. "तू विचारलंस तर कुणाला वेगळं वाटायचं नाही. मी आहे इथं. इथंच आहे."

झुबेदानं त्यांच्या हातातून कागद आणि टाक घेतला, शाईची बाटली घेतली, आणि दगडांवरून ओढा ओलांडला.

बनाबाई दारात शेणी रचत होती. तिचा सासरा, म्हातारा धोंडिराम, भिंतीला टेकून विडी ओढत होता. लक्ष्मी आतून धावत आली.

"बनाकाकी," झुबेदा म्हणाली. "तुमी कवा जाणार नव्या गावाला?"

बनाबाईनं हातातली शेणी तशीच धरली. "आमी? आमाला कोन इचारतंय? वरचं समदं गेल्यावर, गाडी उरली तर."

"मी इचारतीया. वीस तारखेला गाड्या येतील. पयल्या तुमच्या आळीला. धोंड्यात चालंल का तुमाला?"

म्हातारा खोकत खोकत हसला. "आगं, माजं नावच धोंडिराम! धोंड्यातच पैदा झालो. मला धोंडा काय आडवतोय?"

"मामंजी, गप बसा जरा," बनाबाई म्हणाली. ती हसत नव्हती. तिनं वर पाराकडं एक नजर टाकली. "त्यो धोंडा आमी सोडला कवाच. पर आमाला आधी का धाडत्यात? पानी सोडत्यात का काय आमच्यावर?"

झुबेदा उकिडवी बसली आणि तिनं मातीत खुंट काढले, नदी काढली. पाणी कुठवर कधी येईल ते सांगितलं. वरच्यांना चार दिवस सवड आहे आणि यांना मुळीच नाही, तेही लपवलं नाही. विहिरीचंही सांगितलं. बोलता बोलता शेजारच्या दारांतून बायका आल्या, शेतावरून दोनचार पुरुष आले. झुबेदानं सांगितलेलं लक्ष्मीनं पुन्हा सगळ्यांना समजावलं. एकानं विचारलं, मग तर इहिरीचं पानी आमाला आधी? सगळे पाराकडं बघत होते.

"वीसला न्हवं, उद्या बी जाऊ," बनाबाई शेवटी म्हणाली. "पर लेकी, कागदावर अंगठा उठवला आन् उद्या पाटील दारात आलं, तर? आमी अजून त्येंच्याच रानात कामाला हाय. गाडी न्हाई आली तर हितंच ऱ्हायचं हाय आमाला."

कुणीतरी मागून म्हणालं, "ऱ्हाऊ दे मग. आपन कशाला पयलं?"

माणसं पांगायला लागली. झुबेदाला छपरावरची माणसं दिसली, उंबऱ्यात बसलेली पारूबाई दिसली, दोरीवरचा फ्रॉक दिसला.

"थांबा," बनाबाई म्हणाली. तिनं हात पदराला पुसले. "लिव तू. आमी मागितलं, आसं लिवू नगं. आमाला इचारलं, म्हणून आमी सांगितलं, आसं लिव. आन् कुनी इचारलं, त्ये बी लिव. वर, पयल्या वळीत. मग समदी अंगठा उठवतील."

झुबेदानं टाक शाईत बुडवला. 'आम्हाला विचारलं' इथवर लिहिलं आणि तिचा हात थांबला.

तिनं ओढ्याकडं बघितलं. अब्बा तिथंच उभे होते, तिच्याकडं पाठ करून, आणि पाराकडंही न बघता, दोन्ही हात मागं घट्ट बांधून. पारावर पाटील उठून उभे राहिले होते आणि डोळ्यांवर आडवा हात धरून इकडंच बघत होते.

साहेबांचं नाव लिहिता आलं असतं. नुसतं 'कचेरीनं' लिहिलं असतं तरी बनाबाईला वाचता येत नव्हतं; पण लक्ष्मीला येत होतं, आणि ती अगदी खांद्याला खांदा लावून बसली होती. आणि आपलं नाव लिहायचं, तर शाळेत शिकवल्याप्रमाणे मधे अब्बांचं नाव येणारच.

टाकाच्या टोकावर शाईचा थेंब जमला. झुबेदानं तो बाटलीच्या काठाला निपटला, कागद गुडघ्यावर सरळ केला, आणि मोठ्या, गोल, वाचता येतील अशा अक्षरांत लिहिलं:

विचारणारी, झुबेदा बशीर शिकलगार, इयत्ता पाचवी.